आमच्या संस्कृतीत असंच असतं

आमच्या कॉलेजच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द आधी आला आणि परदेशी विद्यार्थी नंतर आले. मधल्या काळात गोंदियातले लोक पाटी वाचून हसायचे. शहर संपून धानाची शेतं सुरू होतात तिथे, राईस मिलच्या रांगेच्या टोकाला, आमची दोन मजली इमारत होती. मी तिथे एमबीएच्या मुलांना शिकवत होते. नेमणूक अकरा महिन्यांची. दर उन्हाळ्यात संचालकांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसायचं आणि पुन्हा घेतील का याची वाट पाहायची, असा शिरस्ता होता.

दोन हजार नऊ साली संचालकांनी नागपूरचा कुठलासा एजंट गाठला आणि खरोखरच चार परदेशी विद्यार्थी आणले. मलावीची एक मुलगी, इथिओपियाचा एक तिशीतला माणूस आणि भूतानची दोन मुलं. नागपूरहून त्यांना आणायला कॉलेजची जीप गेली होती आणि स्वागतासाठी मलाही पाठवलं होतं. परतताना कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यावर थांबलो. मलावीच्या मुलीने दाल-भात पुढ्यात येताच आधी पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहिला आणि मला विचारलं, “हे उकळलेलं आहे का?” तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, असं तिने सांगितलं. आमचा ड्रायव्हर हसला. म्हणाला, “मैडम, इनको बोलो, यहाँ सब चलता है.” मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. पण तिला हिंदी येत नसलं तरी हसणं कळत होतंच.

एथिक्सचा पेपर माझ्याकडे होता, कारण तो कोणालाच नको असायचा. या पेपरात नापास कोणी होत नाही आणि त्याला ट्यूशन कोणी लावत नाही, तेव्हा शिकवणाऱ्याला मान नाही. त्यासाठी लावलेलं पुस्तक परदेशी होतं. त्यात एक मोठं प्रकरण सांस्कृतिक फरकांवर होतं. अमुक संस्कृतीत भेटवस्तू चालते, तमुक संस्कृतीत नातेवाईक नोकरीला लावणं हे कर्तव्य समजलं जातं, तिथे काम करायला गेलेल्या मॅनेजरने काय करावं, असं सगळं. प्रत्येक उदाहरणातला मॅनेजर कुठून तरी वरून आलेला आणि लाच मागणारा माणूस आमच्यासारख्या देशातला. म्हणजे गैरव्यवहार आमच्याकडे घडायचे आणि त्यावरची पुस्तकं त्यांच्याकडे निघायची. मला पहिल्यापासून त्या प्रकरणाचा राग होता. पण परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा, म्हणून शिकवणं भाग होतं.

पहिल्याच महिन्यात मी वर्गाला एक प्रश्न घातला. तुम्ही मॅनेजर आहात. एक जागा रिकामी आहे. तुमच्या मामाचा मुलगा अर्ज घेऊन आला आहे, आणि त्याच्याहून लायक एक परका माणूसही आला आहे. कोणाला घ्याल?

आमच्याकडची सगळी मुलं एका सुरात म्हणाली, “मेरिट, मॅडम.” गोंदिया, तिरोडा, आमगाव, जिथून जो आला होता त्याचं उत्तर एकच. भूतानची मुलं खाली बघून गप्प बसली. शिक्षकांनी नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची रीत होती, हे मला पुढे कळलं. इथिओपियाचा माणूस मात्र उभा राहिला. तो आधी कॉफीच्या व्यापारात नोकरी करून आला होता, अंगात शर्ट नेहमी इस्त्रीचा. तो म्हणाला, “मी मामाच्या मुलाला घेईन.”

वर्ग हसला.

“मी त्याला घेतलं नाही तर माझ्या आईला तिच्या भावाच्या घरी जाता येणार नाही,” तो हसू थांबायची वाट पाहून म्हणाला. “पण त्याने काम बिघडवलं, तर त्याला मी स्वतः काढीन. आणि त्या दिवशी माझी आई माझ्या बाजूने उभी राहील. त्याला घेणं ही माझी जबाबदारी, तशी त्याने केलेल्या नुकसानाची पण माझीच. तुमच्याकडे कसं असतं?”

पहिल्या बाकावर केशोरी गावाकडची एक मुलगी बसायची. शेतकऱ्याची लेक, आमच्याच पवार समाजातली, गोंदियाला खोली करून राहणारी. इंग्रजीत अडखळायची म्हणून बाकीची मुलं तिला टोमणे मारत. ती मान वळवून वर्गाकडे बघत म्हणाली, “खरं सांगा ना बे. मामाच्या पोराले कोणी हाकलते का इथं? मेरिट मेरिट कायले करून राहिले?”

आता हसू वेगळं होतं. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. घरी जाताना मला बरं वाटत होतं, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या तासाला कोणी खरं बोललं होतं.

परदेशी मुलांचं वसतिगृह म्हणजे कॉलेजच्या मागचं तांदळाचं जुनं गोदाम. मध्ये भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या, एका बाजूला मुलांच्या, दुसऱ्या बाजूला मुलींच्या. छपरावर सिमेंटची टाकी. रेक्टर म्हणून संचालकांनी आपल्या मेहुण्याला नेमलं होतं. हा मेहुणा त्याआधी काय करायचा हे कोणाला नीट माहीत नव्हतं. वसतिगृहात तो दिवसातून एकदा यायचा, खुर्ची टाकून फोनवर बोलायचा आणि जायचा.

दिवाळीच्या आधी मलावीची मुलगी माझ्याकडे आली. नळाच्या पाण्याला वास येतो, असं ती रेक्टरला दोनदा सांगून आली होती. मी स्टाफरूममध्ये रेक्टरला गाठलं आणि विचारलं. तो म्हणाला, “मैडम, ये लोग बहुत नखरे करते हैं. टंकी का ही पानी है, सब पी रहे हैं.” मी संचालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बघतो. मग मी आठवडाभराने पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बघितलं. काय बघितलं ते सांगितलं नाही.

सुट्टी संपवून मी परत आले तर मुलगी दवाखान्यात होती. कावीळ. डोळे हळदीसारखे पिवळे, हातात सलाईन. केशोरीची मुलगी तिच्याजवळ बसून होती. दिवाळीला घरी न जाता ती थांबली होती, कारण वसतिगृहात मुलींच्या बाजूला या आजारी पोरीजवळ कोणी उरलं नव्हतं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. इंग्रजीचे चार शब्द, हाताच्या खुणा, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पोरीकडे टक लावून पाहत विचारलं, “ही कुठची होय?” केशोरीची म्हणाली, “आमच्या वर्गातली होय.” तेवढ्यावर म्हातारीचं समाधान झालं आणि तिने उसाच्या रसाची आपली पिशवी पुढे केली.

रेक्टर एकदाच येऊन गेला होता. येताना निरोप घेऊन आला होता, की जवळच्या गावात कावीळ उतरवणारा माणूस आहे, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं आणि कावीळ जाते. उद्या जीप पाठवतो. मुलीने तापाने फणफणत त्याला सांगितलं, “असे लोक आमच्या देशात पण आहेत. माझी आई त्यांच्याकडून आलेले पेशंट रात्रभर सांभाळते. मला तुमचा तो माणूस नको. तुम्ही टाकी उघडून बघा.”

हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. पण खरी आग पुढे व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये कोपऱ्यात सीलबंद पाण्याचा निळा कॅन उपडा ठेवलेला असायचा. मी आत गेले तेव्हा शिपाई त्यातून ग्लास भरत होता. संचालक म्हणाले, “मॅडम, फॉरेनच्या मुलांसाठी एक लेक्चर ठेवू. कल्चरल ओरिएंटेशन. तुमचाच विषय आहे. त्यांना समजवा, की ये इंडिया है. इथे ॲडजस्ट करावं लागतं. आणि आपल्या संस्कृतीत गुरुजनांविरुद्ध तक्रारी करत नाहीत, हे पण सांगा. ती पोरगी दूतावासाला लिहिते म्हणून राहिली.”

मी म्हटलं, “सर, टाकी साफ केली का?”

“उनका पेट कमजोर है, मैडम. हवा-पाणी बदललं की होतं असं.” मग स्वतःशीच हसत म्हणाले, “और वैसे भी, उनके यहाँ तो इससे भी गंदा पानी पीते होंगे.”

एकाच दमात दोन्ही. त्यांचं पोट नाजूक म्हणून त्यांना आमचं पाणी सोसत नाही, आणि त्यांच्याकडचं पाणी आमच्याहून घाण. दोन्ही खरं कसं असेल, हा विचार त्यांना शिवलाही नाही. शिवायची गरजच नव्हती, कारण दोन्हींचा निष्कर्ष त्यांच्या सोयीचा होता. टाकीला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, “सर, घाण पाणी ही आपली संस्कृती आहे असं मी वर्गात सांगू?”

“तसं नाही हो. शब्द तुम्ही बघा. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या आहात.”

मी केबिनमधून बाहेर आले ती तडक वसतिगृहावर गेले. वाटेत इथिओपियाचा आणि केशोरीची मुलगी भेटले, तेही बरोबर आले. मागच्या भिंतीला लोखंडी शिडी होती, गंजलेली. साडी खोचून मी चढले, मागोमाग ती दोघं. टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं. राईस मिलच्या वस्तीत कबुतरं भरपूर. सांडलेल्या दाण्यांवर जगतात आणि जागा मिळेल तिथे घर करतात. टाकीच्या काठाला त्यांची विष्ठा साचून पांढरे थर झाले होते. आत पाण्यावर पिसं तरंगत होती आणि कोपऱ्यात दोन कबुतरं मरून फुगली होती. आणखी एकाचे नुसते पंख आणि हाडं उरली होती, म्हणजे ते फार आधीचं असणार.

केशोरीची मुलगी तोंडावर ओढणी धरून खाली उतरली आणि भिंतीशी वाकून ओकली. इथिओपियाचा काठाशी उभा राहून बराच वेळ पाण्यात बघत होता. मग मला म्हणाला, “माझ्या मामाच्या मुलाने असं केलं असतं, तर आईने त्याला चर्चबाहेर सगळ्यांसमोर उभं केलं असतं. तुमच्या संचालकांना आई नाही का?”



ओरिएंटेशनचं लेक्चर मी घेतलं. संचालकांनी सांगितल्याप्रमाणे विषयही तोच घेतला, फक्त परदेशी मुलांबरोबर आपल्या मुलांनाही बसवलं. मलावीची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच दवाखान्यातून आली होती, शाल गुंडाळून मागच्या बाकावर बसली होती. मी सरळ सांगितलं, की टाकीत काय आहे ते आम्ही तिघांनी पाहिलं आहे. मला तुम्हाला असं समजवायला सांगण्यात आलं आहे, की ही इथली संस्कृती आहे. तर आता तुम्ही मला सांगा.

मग केशोरीची उठली. इंग्रजीची वाट न पाहता ती आपल्या बोलीतच सुरू झाली.

“मॅडम, हे कोणती संस्कृती होय? आमच्या गावात विहिरीत काही पडलं तं बाया घागरी घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन बसतेत. पाणी उपसल्याशिवाय उठत नाइ. कोणी म्हणत नाइ का बाई, हे आपली संस्कृती होय, पिऊन टाक. हे यायनं कुठून आणली?”

मी ते इंग्रजीत करून सांगितलं. मलावीची मुलगी शालीतून हसली.

त्यानंतर जे झालं, तसा तास मी आयुष्यात पुन्हा घेतला नाही. काय करायचं, यावर त्यांची जुंपली. मलावीची म्हणत होती, दूतावासाला आणि वर्तमानपत्राला लिहायचं, लपवून ठेवणं म्हणजे सामील होणं. भूतानची मुलं, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती या वेळी न विचारता बोलली. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावलं तर तो चूक कधीच कबूल करत नाही. आधी एकांतात, नम्रपणे सांगायला हवं. त्याला सुधारायला जागा द्यायला हवी. आमच्याकडची मुलं म्हणाली, एकांतात सांगितलेलं इथे कोणी ऐकत नाही. इथिओपियाचा म्हणाला, वयाने मोठे जे आहेत त्यांनी पुढे व्हावं, एकट्या मुलीवर टाकू नये. केशोरीची म्हणाली, “ऐकलं तं ठीक, नाइ तं घागरी.”

माझ्या पुस्तकात हे सगळे फरक होते, तक्त्यात मांडलेले. पण पुस्तकात कुठेही असं लिहिलं नव्हतं, की इतक्या वेगवेगळ्या रीतींच्या माणसांचं एका गोष्टीवर पहिल्या मिनिटाला एकमत झालेलं असतं. मेलेलं कबुतर पिण्याच्या पाण्यात चालत नाही, यावर मलावीत, भूतानात आणि केशोरीत मतभेद नव्हता. मतभेद होता तो मोठ्या माणसाला ते कसं सांगायचं एवढ्यावर. आणि संचालक नेमकं उलटं सांगत होते. मला त्या तासाला आनंद झाला नाही, संतापच वाढत गेला. एवढी वर्षं मी मुलांना फरकांची यादी पाठ करायला लावत होते, आणि ज्याला गरज पडेल त्याने ती यादी ढालीसारखी पुढे धरायची, हाच तिचा उपयोग होता.

शेवटी ठरलं, की आधी भूतानच्या मुलांचं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी ती दोघं आणि इथिओपियाचा असे तिघं संचालकांकडे गेले. मी नव्हते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, की संचालकांनी प्रेमाने बसवलं, चहा पाजला, तो अर्थात निळ्या कॅनच्या पाण्याचा. मग म्हणाले, आमच्या देशात विद्यार्थी मुलांसारखे असतात आणि बापाला सगळं माहीत असतं, तुम्ही अभ्यास करा. भूतानच्या मुलांपैकी थोरला होता, तो हे सांगताना मान खाली घालून म्हणाला, “आम्ही त्यांना जागा दिली होती. त्यांनी ती घेतली नाही.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजचा कार्यक्रम होता. नागपूरहून एक निवृत्त मोठे अधिकारी ‘उद्योगातील नीतिमूल्ये’ या विषयावर बोलायला येणार होते. संचालकांनी मांडवात परदेशी मुलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, फोटोत दिसावीत म्हणून. मलावीच्या मुलीला तिच्या देशाचा पारंपरिक पोशाख घालून यायला सांगितलं होतं. ती जीन्स आणि शाल घालून आली. म्हणाली, “माझा पारंपरिक पोशाख हाच आहे.”

मंचावर पाहुण्यांसाठी सीलबंद बाटल्या ठेवल्या होत्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या कोणी उचलल्या ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. त्यांच्या जागी काचेचे स्वच्छ ग्लास होते, वसतिगृहाच्या नळाच्या पाण्याने भरलेले. स्वागत झालं, शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांनी बोलायला उभं राहण्याआधी घोटभर पाणी प्यावं म्हणून ग्लास उचलला आणि तोंडाजवळ नेऊन ते थांबले. वास घेतला. ग्लास उजेडात धरला. त्यात एक बारीक पीस होतं.

“हे पाणी कुठलं आहे?” त्यांनी संचालकांना विचारलं. माईक चालू होता.

संचालक उठेपर्यंत केशोरीची मुलगी मंचाच्या पायरीवर पोहोचली होती. तिने माईक घेतला नाही. मोठ्याने म्हणाली, “सर, आमच्या कॉलेजच्या होस्टेलच्या टाकीचं होय. ह्या पोरीले तेच पिऊन कावीळ झाली. आमचे सर म्हणून राहिले का हे आपली संस्कृती होय. तं आमाले वाटलं, पाहुण्याले पण आपल्या संस्कृतीचं पाणी पाजावं.”

मांडवात कोणी हसलं नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत. संचालक खोटं हसत म्हणाले, “बच्चे हैं, मजाक करते हैं.” पाहुण्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. आणि मग त्यांनी जे केलं, ते मला संचालकांपेक्षाही आजही जास्त बोचतं. त्यांनी घसा खाकरला आणि लिहून आणलेलं भाषण वाचायला सुरुवात केली. पारदर्शकता, उत्तरदायित्व, मूल्यं. ग्लास समोर तसाच होता. एकदाही त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. भाषण संपल्यावर जेवणाला न थांबता ते गाडीत बसून निघून गेले.

दोन दिवसांनी टाकी उपसली. नवं झाकण बसलं, पाण्यासाठी फिल्टर लागला. संचालकांना उपरती वगैरे झाली नव्हती. मांडवात स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर बसला होता, त्याची भीती होती. बातमी काही आली नाही. कशी आली नाही ते गोंदियात कोणाला विचारायची गरज नसते. रेक्टरला वसतिगृहातून काढून ग्रंथालयाचा प्रमुख केलं.

मग माझी पाळी आली. केबिनमध्ये मी उभी आणि ते बसलेले.

“मैडम, आपने बच्चों को भड़काया.”

“सर, टाकीत कबुतरं मी टाकली नाहीत.”

“बाहेरच्या लोकांसमोर आपल्या घराची इज्जत काढली. हे आपल्या संस्कृतीत बसतं का?”

मी वर्गात कधी आवाज चढवत नाही, घरी तर मला बोलकीही कोणी म्हणत नाही. त्या दिवशी मी ओरडले. बाहेरच्या शिपायाने दार उघडून पाहिलं. मी म्हटलं, “सर, माझे पूर्वज माळव्यातून इथे आले. आल्यावर त्यांनी पाणी साठवायला बोड्या खोदल्या, विहिरी खोदल्या, धान पिकवलं. आजही आमच्या घरी पाहुणा आला तर आधी तांब्या घासून पाणी देतात. तुम्ही मला संस्कृती शिकवू नका. दुसऱ्या देशातली लेकरं आईबापांनी तुमच्या भरवशावर पाठवली, आणि तुम्ही त्यांना मेलेलं पाखरू पाजलं. याला नाव संस्कृतीचं देऊ नका. याला आळस म्हणा, लोभ म्हणा, मेहुण्याची सोय म्हणा. शब्द तुम्ही बघा.”

घंटी वाजवून संचालकांनी शिपायाला बोलावलं आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, “मैडम को छोड़ के आओ.” मी स्वतःच चालत बाहेर आले.

त्या सत्राच्या शेवटी माझी नेमणूक पुढे वाढली नाही. बाकड्यावर बसायलाही मला बोलावलं नाही. एथिक्सचा पेपर कोणाला द्यावा हा प्रश्न पडला असेल असं वाटेल, पण नाही पडला. रेक्टर होता तोच ग्रंथालयप्रमुख आता आठवड्यातून दोनदा तो घेऊ लागला. हे ऐकून माझा नवरा पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही. पुढच्या वर्षीपासून मी सडक अर्जुनीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजमध्ये वाणिज्य शिकवायला लागले. तिथे पाण्यासाठी हापसा आहे आणि मुख्याध्यापकही त्याचंच पाणी पितात.

परदेशी मुलं कोर्स पूर्ण करूनच गेली. इथिओपियाच्या माणसाला मी एकदा विचारलं होतं, की सोडून का नाही गेलात. तो म्हणाला, “गेलो असतो तर ते म्हणाले असते, यांना आमची संस्कृती झेपली नाही.” मलावीची मुलगी निघाली तेव्हा मी नागपूरपर्यंत सोडायला गेले. केशोरीचीही होती. गोंदिया स्टेशनवर गाडीला उशीर होता आणि फलाटावर उन्हाळा नुसता भाजत होता. मलावीची मुलगी मला म्हणाली, “मॅडम, तुमच्यावर एका गोष्टीचा राग आहे.”

“कशाचा?”

“तुम्ही संचालकांना सांगितलंत, तुमच्या घरी तांब्या घासून पाणी देतात. शिपायाकडून ऐकून हिने मला सांगितलं ते. खूप छान. पण मी इथे दोन वर्षं राहिले. या शहरात मला कोणी घर भाड्याने दिलं नाही, म्हणून त्या गोदामात राहावं लागलं. घरमालक काय म्हणायचे, माहीत आहे? आमच्या संस्कृतीत बसत नाही. ते काही सगळे तुमच्या संचालकांचे मेहुणे नव्हते.”

केशोरीच्या मुलीने मला विचारलं, ती काय म्हणून राहिली. मी सांगितलं. ती तिच्या मोडक्या इंग्रजीत त्या मुलीला म्हणाली, “ही इज राइट. नो, शी इज राइट. यू आर राइट.” मग मराठीत माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, माह्या घरमालकिणीले मी इचारलं होतं हिच्यासाठी. तिनं मलेच खोली खाली करायले सांगितली होती. मी सांगितलं नाइ कोणाले.”

गाडी आली. आम्ही सामान चढवलं. आत बसायला जागा मिळाली ती समोरासमोर, आणि नागपूर येईपर्यंत आम्ही तिघी त्या घरमालकिणीबद्दल बोलत राहिलो, तिघीही रागावलेल्या, आणि बाजूच्या सीटवरचा एक माणूस आमच्याकडे बघत होता, की या कोण बाया आणि कशावरून एवढ्या तावातावाने बोलतायत.